स्वस्त स्पोर्ट्‌स कार घडते ती सेडानच्या जिवावर

मुंबईत जुनी काळी-पिवळी म्हटलं की पद्मिनीच आठवते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पूर्वी बनणारी ही गाडी मुळात फियाट ११००. त्याच ११००च्या पायावर फियाटने १९५५ साली इटलीत ‘ट्रास्फॉर्माबिले’ ही दोन आसनी, उघडी गाडी काढली. टॅक्सी आणि हौसेची गाडी, दोघींचं १०८९ सीसी इंजिन एकाच घराण्यातलं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांचे साचे आणि चाचण्या यांचा खर्च सेडानच्या विक्रीतून आधीच वसूल होतो. तोच खर्च फक्त काही हजार स्पोर्ट्‌स गाड्यांवर टाकला तर किंमत आवाक्यात राहणं शक्यच नाही.

याचा सर्वात देखणा नमुना म्हणजे १९५८ची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार ऑस्टिन-हीली स्प्राइट. ९४८ सीसी इंजिन ऑस्टिन ए३५ या छोट्या घरगुती गाडीचं, फक्त कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) एकाऐवजी दोन. स्टिअरिंग मॉरिस मायनर या दुसऱ्या घरगुती गाडीचं. हेडलाइट बॉनेटमध्ये मिटणारे ठेवायचे होते, पण ती यंत्रणा महाग पडत होती. म्हणून ते उघडेच राहिले आणि गाडीला ‘बेडूकडोळी’ नाव पडलं. दाराला बाहेरून हँडल नाही. डिकीला झाकणही नाही: सीटची पाठ पुढे पाडायची, आत वाकायचं आणि पार मागे ठेवलेली स्टेपनी ओढून काढायची. छप्पर नसलेली बॉडी खड्ड्यांत पिळवटते; मागचा पत्रा अखंड राहिल्यामुळे ती ताठही राहिली. एका काटकसरीत दोन कामं!

पण सगळंच उसनं घेऊन चालत नाही. १९८९च्या माझदा एमएक्स-५मध्ये १.६ लिटरचं इंजिन माझदाच्याच ३२३ या घरगुती गाडीच्या कुळातलं होतं, मात्र मागच्या चाकांना ताकद देणारी चेसिस (गाडीचा सांगाडा) खास तिच्यासाठी घडवली. पैसा लावायचा तो इथे, वळणावर गाडी जिथे कळते तिथे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार तयार झाली. बॉडी फायबरची. पत्रा दाबून आकार देणाऱ्या डाय (साचे) फार महाग, त्या हजारो गाड्या निघाल्या तरच परवडतात. फायबरचा साचा स्वस्त, पण प्रत्येक पॅनल हाताने थापायचं, घासायचं, म्हणजे मजुरी चढते आणि फटी सारख्या येत नाहीत. इंजिन ११४९ सीसीचं, रेनोचं. युरोपात ते साध्या घरगुती गाड्यांत होतं. भारतात तेव्हा ते वापरणारी एकही सेडान नव्हती. त्यामुळे पद्मिनीचा पार्ट ऑपेरा हाऊसच्या दुकानात जसा हातोहात मिळे, तसा हिचा मिळणार कुठून?