काखेतला घाम रोखल्याने शरीरात विष साठत नाही

लोकलच्या गर्दीत कडी धरायला हात वर करावाच लागतो, आणि काखेत अतिघाम येणाऱ्या मुंबईकराला नेमका तेव्हाच शर्टावरच्या ओल्या डागाचा संकोच वाटतो. तरीही ‘घाम अडवला की विष आत साठते आणि स्तनाचा कर्करोग होतो’ या जुन्या समजापोटी अनेकजण घामरोधक औषध लावायला धजत नाहीत. हा समज निराधार आहे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात. अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात, काखेत त्यांतल्या थोड्याच. अमेरिकेतल्या सिएटल परिसरातील स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना करणाऱ्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घामरोधकांशी या रोगाचा संबंध आढळला नाही.

अतिघामावर लावायचे औषध म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण; ते घामाच्या नलिकेच्या तोंडाशी तात्पुरते बूच तयार करते आणि त्वचेचे थर झडताना ते बूचही निघून जाते. लावल्यावर होणारी आग मात्र खरी असते, कारण ओल्या त्वचेवर त्यातून आम्ल तयार होते. म्हणून आंघोळीनंतर लगेच किंवा केस काढलेल्या दिवशी ते टाळावे, रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेत लावावे आणि सकाळी धुऊन टाकावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रात्री अंग भिजवणाऱ्या घामासोबत ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर क्षयरोगाची तपासणी आधी करून घ्यावी.