उजेड मागाला लागतो की कांडीला?

‘प्रकाश आणि एन्झाइम’ हा सेमिनारचा विषय घेतला की दोन वेगळ्या गोष्टी हमखास एकाच स्लाइडवर येतात: प्रकाशावर चालणारं एन्झाइम आणि प्रकाशाने कोफॅक्टर, म्हणजे एन्झाइमला कामात लागणारा मदतनीस रेणू, पुन्हा वापरात आणणं.

पहिल्या प्रकारची एन्झाइम्स मोजकीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कोंब अंधारात पिवळा राहतो, कारण हरितद्रव्य बनवण्याच्या एका पायरीवरचं एन्झाइम उजेडाशिवाय काम करत नाही. २०१७ मध्ये क्लोरेला शैवालात असंच दुसरं सापडलं. ते निळ्या प्रकाशात फॅटी ॲसिडमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं. दर रेणूमागे प्रकाश हवाच.

दुसऱ्या प्रकारात एन्झाइमला उजेडाशी देणंघेणं नसतं. सोलापूरकरांनी इथे धोटा, म्हणजे मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावणारा तुकडा, आठवावा. एन्झाइम म्हणजे माग, एनएडीएच हा कोफॅक्टर म्हणजे सुताने भरलेली कांडी. सूत संपलं की उरतो एनएडी+, आणि दर वेळी नवी कांडी घेणं परवडत नाही. उजेड फक्त कांडी भरतो. इओसिन वायसारखा रंग प्रकाश शोषतो, ट्रायइथॅनॉलअमाइनकडून इलेक्ट्रॉन घेतो, आणि ऱ्होडियमचं संयुग मध्यस्थ बनून हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन) एनएडी+च्या नेमक्या जागी बसवतं. मध्यस्थ नसेल तर अर्धवट रेणूंच्या जोड्या जमतात आणि एन्झाइमला त्या चालत नाहीत. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, पण तिथलं शोषण वाढलं एवढ्यावर खूश होऊ नये, त्या जोड्याही तिथेच शोषतात. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज (खरं एनएडीएच खर्च करणारं एन्झाइम) आणि ॲसिटाल्डिहाइड घालून शोषण खाली येतं का, ते बघावं.

अशा प्रयोगात एन्झाइम बारीक घन मण्यांवर बसवतात ते पुन्हा वापरता यावं म्हणून, हे सगळे लिहितात. मला दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं: ऱ्होडियम आणि एन्झाइम मोकळे एकत्र ठेवले की एकमेकांना निकामी करतात. फक्त मणी अपारदर्शक असतील तर रंग त्यांच्या आत कोंडू नये, तिथे उजेड पोचत नाही.

दोन्ही प्रकार ओळखायचे तर दिवा बंद करावा. पहिल्यात काम तिथेच थांबतं. दुसऱ्यात साठलेलं एनएडीएच संपेपर्यंत माग चालू राहतो.

ज्वारीतल्या एन्झाइमलाही एनएडीपीएच हा एनएडीएचचा भाऊबंद लागतो, गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. पण ते एन्झाइम उजेडात एनएडीपीएच खर्च करतं, भरत नाही.

आणि सोलापूरचं ऊन फुकट आहे म्हणून प्रयोग गच्चीवर नेऊ नये. एप्रिलच्या दुपारी काचेच्या भांड्यात बहुतेक एन्झाइम्स टिकायची नाहीत. खोलीतला एलईडी बरा.