आत्याची क्रोशाची सुई आणि जीडीपी

माझी आत्या गिरगावात चाळीत राहते. वयाच्या ६६व्या वर्षी ती मोबाइलवर व्हिडिओ बघून क्रोशाचं विणकाम शिकली. टाका चुकला की चष्मा कपाळावर चढवायचा, सुई डोळ्यांजवळ न्यायची, बोटाने व्हिडिओ मागे सरकवायचा आणि पुन्हा सुरुवात. पूर्वी यासाठी क्लासची फी भरावी लागली असती. आता फी शून्य, पण दादरहून आणलेल्या दोऱ्याच्या गुंड्यांनी कपाटाचा एक कप्पा भरलाय. खर्च आटला नाही, शिकवणीवरून सामानावर सरकला.

देशाचं एकूण उत्पादन, म्हणजे जीडीपी, मोजताना मुख्यतः बाजारात मोजलेले पैसे धरले जातात. दोऱ्याचे पैसे त्यात येतात, पूर्वीची फीही आली असती. पण या फुकट शिकवणीतून आत्याला जे मिळालं, ते कुठेच नोंदलं जात नाही. २०२२-२३च्या कौटुंबिक खर्च पाहणीत रेशनवर मोफत मिळालेल्या धान्याचीसुद्धा अंदाजे किंमत काढली होती. मग ज्ञानाची का नको?

अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर एक वाट काढली. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तुम्ही किती पैसे दिले, असं न विचारता त्यांनी विचारलं: ही सेवा सोडायचे किती घ्याल? काही जणांना तर खरोखर पैसे देऊन फेसबुक महिनाभर बंद ठेवायला लावलं. महिन्याच्या फेसबुकचा मधला आकडा आला सुमारे ४८ डॉलर. सर्च इंजिनचा वर्षाला १७,५३० डॉलर! मला यातला प्रश्नच जास्त मोलाचा वाटतो, कारण खिशातून दमडी न जाता मिळणाऱ्या गोष्टीचं मोल त्याने पकडता येतं.

शून्य हा आकडा मनावर वेगळाच परिणाम करतो, हेही प्रयोगात दिसलंय. १५ सेंटचं उंची चॉकलेट आणि १ सेंटचं साधं, यांत बहुतेकांनी उंची घेतलं. दोन्ही एकेक सेंटने स्वस्त करताच साधं फुकट झालं आणि बहुतेक तिकडे वळले. डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून आपण नको असलेला साबण टोपलीत टाकतो, ते याच ओढीने.

आणि वेळ? विणकामाचा व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, मध्ये जाहिराती. आत्याला मी विचारलं, महिनाभर हे बंद ठेवायचे किती घेशील? सुई न थांबवता ती म्हणाली, “विणकामाचे व्हिडिओ कितीही पैसे दिलेस तरी बंद नाही करणार. रात्री अकरानंतरचे तू फुकटात बंद करून दे.”