द्राक्ष एक्सपोर्टर आणि छोट्या इम्पोर्टरसाठी: करन्सी हेज करताना पैसा आणि डोकं दोन्ही कसं सांभाळायचं

नमस्कार. सीझन जवळ आला की आमच्या ब्रोकर ऑफिसात दरवर्षी तेच फोन सुरू होतात, युरो कुठे जाईल, आत्ता विकू का थांबू, फ्युचरमध्ये लॉस दिसतोय तर काढून टाकू का. फोनवर घाईघाईत सांगितलेलं अर्धं विसरायला होतं म्हणून यंदा लिहूनच देतोय. हेज म्हणजे पुढे येणाऱ्या किंवा द्यायच्या परकीय चलनाचा भाव आजच बांधून ठेवणं, आणि फ्युचर म्हणजे पुढच्या ठराविक महिन्यासाठी आज ठरलेल्या भावाने एक्सचेंजवर केलेला खरेदी-विक्रीचा करार. युरो कुठे जाईल ते आम्हाला माहीत नाही, हे आधीच सांगतो, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

कोणाला करता येतं

एनएसईवर डॉलर-रुपया फ्युचर ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कोणीही यायचं, सकाळी दहा लॉट (ठराविक आकाराचे करार) घ्यायचं, संध्याकाळी काढून घरी जायचं. आता ते चालत नाही. आरबीआयने ५ जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं, ते ३ मे २०२४ पासून लागू झालं, त्यात स्पष्ट आहे की रुपया असलेल्या करन्सी फ्युचर-ऑप्शनमध्ये यायचं तर तुमचं परकीय चलनातलं खरोखरचं येणं किंवा देणं पाहिजे. १० कोटी डॉलरच्या पोझिशनपर्यंत (चालू सौद्यांपर्यंत) आधी कागद दाखवावे लागत नाहीत, पण कागद मागत नाहीत म्हणजे ऑर्डर नसली तरी चालतंय असा अर्थ काढू नका, मागितले तर दाखवावे लागतात. आणि ज्या बिलावर बँकेत फॉरवर्ड (बँकेशी आधीच ठरवलेला पुढच्या तारखेचा भाव) घेतलाय त्याच बिलावर परत इथे फ्युचर विकायचं नाही.

त्यामुळे हे पत्रक निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे एक्सपोर्टर आणि सातपूर-अंबडचे पार्ट मागवणारे कारखानदार यांच्यासाठीच आहे. नुसतं ट्रेडिंग शिकायचंय म्हणून येणाऱ्याला आम्ही करन्सीचं खातं चालू करून देत नाही, राग मानू नका.

स्क्रीनवरचा लॉस

आता मुख्य मुद्दा, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. समजा तुम्हाला मार्चमध्ये ५०,००० युरो येणार आहेत. एक लॉट १,००० युरोचा, म्हणजे तुम्ही मार्चचे ५० लॉट १०० रुपयांनी विकले (हिशोबाला सोपा म्हणून १०० धरलाय, आजचा भाव नाही). महिन्याभरात युरो १०२.५० झाला. स्क्रीन लाल, सव्वा लाख रुपये मायनस. आता घरात कुजबुज, मित्र म्हणतो अरे काढ लवकर अजून वर जाईल, आणि तुम्ही काढता. पण तुमचे ५० हजार युरो तिकडे आहेतच ना, तेही सव्वा लाखाने महाग झालेत की! फरक एवढाच की तो फायदा कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही, तो पेमेंट आल्यावर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसणार, आणि माणसाचं मन दिसतं त्यालाच घाबरतं.

मग होतं काय की लॉस बुक करून हेज काढला की तुम्ही परत उघडे पडता, आणि त्यानंतर युरो खाली आला तर फ्युचरमध्येही मार आणि बिलातही मार. हेज केलाच नसता तर निदान एकच मार बसला असता.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याने जितका आनंद होतो त्यापेक्षा तोट्याचं दुःख बरंच जास्त होतं. म्हणजे घाबरणं हा तुमचा दोष नाही, सगळ्यांचंच तसं असतं. उपाय मात्र साधा आहे, वहीत किंवा एक्सेलमध्ये एकाच ओळीत दोन्ही लिहा, फ्युचरचा आजचा नफा-तोटा आणि त्याच्या शेजारी बिलाचा नफा-तोटा, आणि बघायचंच असेल तर बेरीज बघा. आमच्या ॲपवर नुसतं फ्युचर दिसतं, तो ॲपचा दोष आहे म्हणा हवं तर.

गारपिटीसाठी विमा उतरवला आणि गारा पडल्याच नाहीत तर हप्ता फुकट गेला म्हणून कोणी विमा एजंटशी भांडत नाही, हेजचंही तसंच समजा.

कॅश आधी बाजूला काढा

वरच्या उदाहरणात बेरीज शून्य आली तरी एक खरी अडचण राहते. फ्युचरचा लॉस रोजच्या रोज एमटीएम (त्या दिवसाच्या भावाने होणारा हिशोब) म्हणून खात्यातून जातो आणि युरो मात्र मार्चमध्ये येतात. मधल्या काळात सव्वा लाख कुठून आणणार? मजुरी, पॅकिंग, कंटेनरचं भाडं, सगळं त्याच महिन्यात असतं. बऱ्याच जणांचा हेज भीतीने नाही तर पैसे संपल्यामुळे तुटतो, पोझिशन बरोबर असते पण मार्जिन (सौद्यासाठी खात्यात ठेवावी लागणारी रक्कम) भरायला नसतं. त्यामुळे नुसत्या मार्जिनवर सुरू करू नका, भाव तीन-चार रुपये उलटा गेला तर किती लागतील ते काढा (एक पैसा म्हणजे एका लॉटला १० रुपये, हे डोक्यात ठेवलं की हिशोब झटकन होतो) आणि तेवढे वेगळे ठेवा. जमत नसेल तर लॉट कमी करा, किंवा सरळ बँकेत फॉरवर्ड घ्या, तिथे रोजचा एमटीएम सहसा भरावा लागत नाही. आमचं ब्रोकरेज जाईल, पण ते ठीक आहे. बँकेचा रेट जास्त वाटत असेल तर सीसीआयएलचा (क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा) चलन खरेदी-विक्रीचा एफएक्स-रिटेल प्लॅटफॉर्म आहे, ऑगस्ट २०१९ पासून चालू आहे, बँकेला त्याबद्दल विचारा, बँक स्वतःहून सांगेलच असं नाही.

सगळं बिल हेज करू नका

द्राक्षात तर नकोच. माल कन्साइनमेंटवर (आधी भाव न ठरवता, विकला की पैसे) गेला असेल तर रॉटरडॅमला पोचून विकला जाईपर्यंत नक्की किती युरो येणार ते कोणालाच माहीत नसतं, क्वालिटी क्लेम लागला की ५० हजाराचे ४० होतात. तुम्ही ५० लॉट विकून बसला असाल तर वरचे १० लॉट आता हेज राहिले नाहीत, ती सट्टेबाजी झाली, आणि ती तुम्हाला न कळत झाली. म्हणून पक्की रक्कम जेवढी वाटते तेवढ्यावरच सुरुवात करा, अर्धं म्हणा, आणि पुढे पावती पक्की होत जाईल तसं वाढवा.

तारखेचंही तेच. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, पुढच्या सीझनला माल आठवडे-आठवडे उशिरा पोचला आणि पेमेंट पण पुढे गेलं. फ्युचर मात्र कोणासाठी थांबत नाही, महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी साडेबाराला संपतं. पेमेंट लांबणार दिसलं की आम्हाला आठवडाभर आधी सांगा म्हणजे रोल करता येईल, या महिन्याचा सौदा काढून पुढच्या महिन्याचा घेता येईल. शेवटच्या दिवशी बारा वाजता फोन आला तर समोर जो भाव असेल तो घ्यावा लागतो, आणि २०२४ नंतर वॉल्यूम खूप कमी झालंय त्यामुळे लांबच्या महिन्यांत बाय-सेलमधलं अंतर मोठं असतं. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकूच नका, लिमिट (तुम्ही ठरवलेल्या भावाची) टाका आणि थांबा.

"अजून थोडं वर गेलं की विकू"

हा आजार जुना आहे. मे २०१३ मध्ये डॉलर ५४ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्याही वर गेला. आता त्या दिवशी ज्याच्याकडे डॉलर होते त्याला ६८ मध्ये विकायला का सुचावं, पेपरात, टीव्हीवर, पारावर सगळीकडे ७० ची चर्चा! ऑक्टोबरमध्ये डॉलर ६१-६२ झाला होता. २०२५ मध्ये पण बघा, फेब्रुवारीत डॉलर ८७ च्या वर, मेच्या सुरुवातीला ८४ च्या जवळ, आणि डिसेंबरमध्ये ९० पार. ज्याने फेब्रुवारीचा भाव डोक्यात पक्का करून ठेवला तो मे महिन्यात "८७ परत आला की विकतो" म्हणत बसला असणार, आणि ज्याने मेमध्ये घाईने विकला त्याला डिसेंबरमध्ये वाईट वाटलं असणार. दोघांनीही स्वतःचा खर्च बघितलाच नाही.

तुमचा भाव तुमच्या कॉस्टिंगमधून यायला पाहिजे. किलोमागे माल, पॅकहाउस, फ्रेट, कमिशन सगळं धरून किती रुपयांना युरो मिळाला तर धंदा परवडतो तो आकडा आधी काढा. मिळणारा भाव त्याच्या वर असेल तर थोडं विका, अजून वर गेला तर अजून थोडं, म्हणजे वर गेल्याचं दुःख नाही आणि खाली आल्याचा पश्चात्ताप पण अर्धाच.

उलट्या बाजूचा आजार पण आहे. २०२३ मध्ये डॉलर जवळजवळ वर्षभर ८१ ते ८३ च्या पट्ट्यात फिरत होता, तेव्हा हेज करणाऱ्याला लोक वेड्यात काढत होते. शांत मार्केट बघून हेज बंद करणारे पुढे जास्त अडकतात, कारण सवय मोडलेली असते.

पाच वाजल्यानंतर

आपलं करन्सी मार्केट सकाळी ९ ते संध्याकाळी ५. युरोपियन सेंट्रल बँकेचा निर्णय हिवाळ्यात आपल्याकडे पावणेसातला येतो, अमेरिकेचा नोकऱ्यांचा आकडा सातला, फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) निर्णय मध्यरात्री साडेबाराला, हे सगळं आपलं शटर बंद झाल्यावर. आणि युरो-रुपयाचा भाव म्हणजे युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया, त्यामुळे दोन्हीकडचा धक्का बसतो. तुम्ही स्टॉपलॉस (ठराविक भावाला सौदा आपोआप काढणारी ऑर्डर) लावून झोपलात तरी सकाळी मार्केट त्याच्या पलीकडेच उघडू शकतं. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आधार अचानक काढून घेतला तेव्हा कितीतरी लोकांचे स्टॉपलॉस लावलेल्या भावाला लागलेच नाहीत, ब्रोकर कंपन्यासुद्धा बुडाल्या. तसं पण हेजला स्टॉपलॉस लावायचाच कशाला, बिल अजून येणं बाकी आहे ना. मोठ्या बातमीच्या आदल्या दिवशी फक्त खात्यात शिल्लक आहे का बघा आणि रात्री मोबाईल बघत जागू नका, रात्री तसंही काही करता येत नाही.

इम्पोर्टरसाठी थोडं वेगळं

डॉलर फ्युचर साधारणपणे स्पॉटपेक्षा (आजच्या भावापेक्षा) वर असतं, व्याजदरातल्या फरकामुळे. एक्सपोर्टरला ते मिळतं, तुम्हाला ते भरावं लागतं, यालाच प्रीमियम म्हणतात. म्हणून इम्पोर्टर "प्रीमियम कशाला भरू" म्हणून उघडाच राहतो. तो प्रीमियम तुमच्या किमतीत धरा, कोटेशन देतानाच, मग तो टोचत नाही.

ॲप आणि टेलिग्रामवाले

इन्स्टावर युरो-डॉलर, पाचशेपट लिव्हरेज (स्वतःच्या पैशाच्या पाचशेपट सौदे), रोज दोन टक्के असल्या जाहिराती येतात. आरबीआयने ७ सप्टेंबर २०२२ ला अशा परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट काढली, त्यात नंतर नावं वाढत गेली. लिस्टमध्ये नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही. एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची आरबीआयची योजना) मार्जिनसाठी बाहेर पैसे पाठवणं चालत नाही आणि फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) दंड तुम्हालाही होतो, नुसता ॲपवाल्याला नाही. कोणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर पैसे मागितले, स्क्रीनवर नफा दिसतोय पण काढायला गेलं की आधी "टॅक्स" भरा म्हणाले, की समजून जा. गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

ऑर्डर द्यायच्या आधी

आम्हाला एवढं व्हॉट्सॲप करा: बिलाची करन्सी आणि रक्कम, पेमेंट कधी अपेक्षित आहे, त्यातलं पक्कं किती, बँकेत त्यावर फॉरवर्ड आहे का, आणि तुमचा परवडणारा भाव. हे आलं की लॉट किती आणि बाजूला कॅश किती ठेवायची ते आम्ही त्याच दिवशी काढून देतो. मार्जिन कमी पडलं तर आमचा फोन सकाळी मार्केट उघडायच्या आधी येईल, तेव्हा बागेत असलात तरी उचला.