गरोदरपणातलं लसीकरण : जनजागृतीचा कायदा (कोल्हापूर)

गरोदर बाईला कुठली लस कधी घ्यायची हे सरकारनं लोकांना सांगितलंच पाहिजे, असं बंधन घालणारा कायदा. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे कोल्हापूरपुरतं बघायला गेलं तर विषय योजना, परिपत्रकं आणि आशाताईंच्या घरभेटी यांच्यावरच येतो. अमेरिकेत २०२१ साली 'मॅटर्नल व्हॅक्सिनेशन्स अ‍ॅक्ट' नावाचं बिल मांडलं गेलं, लशींबद्दलच्या सरकारी जागृती मोहिमेत गरोदर आणि बाळंतीण बायकांनाही धरा असं त्यात होतं, सक्ती काही नव्हती.

आपल्याकडं याचं मूळ कुठं धरायचं हा वादाचा मुद्दा. एक बाजू १८८० च्या लसीकरण कायद्यापर्यंत मागं जाते, पण तो देवीच्या लशीचा, तोही मुलांना टोचण्याचा, आणि सगळा रोख सक्तीवर. शिवाय कोल्हापूर तेव्हा संस्थान, ब्रिटिश मुलखातले कायदे इथं आपोआप लागू होत नव्हते, दरबारनं वेगळा हुकूम काढला तरच, आणि १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हेच चाललं. प्लेगच्या काळात (साधारण एकोणिसावं शतक संपताना) शाहू महाराजांनी केलेल्या बंदोबस्ताचा दाखलाही दिला जातो, पण तो साथ अडवायचा बंदोबस्त, गरोदर बाईचा वेगळा विचार त्यात शोधणं म्हणजे जरा ओढूनताणूनच. त्यापेक्षा १९७८ चा विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि त्यात पुढं आलेली गरोदर मातांची धनुर्वाताची लस इथून सुरुवात धरणं जास्त पटतं.

आज कायद्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा, त्याच्या कलम ४ मध्ये मातृत्व लाभ आहे. त्याच्याशी जोडलेल्या मातृवंदना योजनेत (२०१७) गरोदरपणाची नोंदणी, तपासणी आणि पुढं बाळाच्या पहिल्या लशी झाल्या की हप्ते मिळतात. म्हणजे पैशाच्या निमित्तानं माता-बाल संरक्षण कार्ड भरलं जातं आणि कार्डाच्या निमित्तानं लशीचा विषय निघतो, याला जागृती म्हणायचं का हा प्रश्न राहतोच.

लस कशी द्यायची ते ठरलेलं आहे. दिवस गेल्याचं कळलं की लवकरात लवकर टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचा) पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, आणि आधीच्या गरोदरपणात दोन्ही डोस होऊन तीन वर्षं झाली नसतील तर एकच बूस्टर. आईच्या अंगातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, नवजात बाळाचा धनुर्वात टळतो तो त्यामुळं. २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागं एकापेक्षा कमी केस. त्यानंतर टीटीच्या (नुसत्या धनुर्वाताच्या लशीच्या) जागी घटसर्पाचा अंश असलेली टीडी आली, बायका अजून टीटीच म्हणतात. डांग्या खोकल्यासाठीची टीडॅप (२७ ते ३६ आठवडे) आणि फ्लूची लस स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते, पण या दोन्ही राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाहीत, बहुतेकदा खाजगी दवाखान्यात विकत घ्याव्या लागतात. खरी माहितीची गरज इथंच आहे. कोविडची लस गरोदर बायकांना २ जुलै २०२१ ला खुली झाली, तीसुद्धा धोका आणि फायदा समजावून सांगायचा या अटीवर.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय, साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ नये एवढंच समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या, सूचीत (नोंद २९), बाकी कारभार ज्या त्या राज्याचा. कागल, गडहिंग्लज, चंदगड भागात याचा त्रास दिसतो, कारण सासर इकडं आणि माहेर निपाणी-बेळगावकडं असलं की पहिला डोस इथल्या माता-बाल संरक्षण कार्डावर आणि पुढची नोंद कर्नाटकाच्या तायी कार्डावर. ऊसतोडीला बाहेरून येणाऱ्या बायकांचं त्याहून अवघड, हंगामात फडाशेजारच्या खोपीत राहायचं, नोंदणी मूळ गावातली, आणि कार्ड बरोबर आणलं नसेल तर आधीचा डोस झाला की नाही ते सिस्टरला त्या बाईलाच विचारून ठरवावं लागतं.