कपकोझी

चहा किंवा कॉफीच्या कपाभोवती गुंडाळून बटणाने अडकवायच्या, आत कापसासारखा उबदार थर भरलेल्या कापडी पट्टीला कपकोझी म्हणतात. किटलीवर टोपीसारखी घालायची टीकोझी ही तिची थोरली बहीण होय. टीकोझी एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये दुपारच्या चहाच्या प्रथेबरोबर प्रचारात आली आणि इंग्रजी रीतीच्या चहासोबत भारतात पोहोचली. अनेक मराठी मध्यमवर्गीय घरांत भरतकाम केलेली टीकोझी पाहुण्यांपुढे येणाऱ्या ट्रेची शोभा असे. मात्र आले, दूध आणि साखर घालून उकळलेला चहा थेट कपात गाळला की किटली लागत नाही, आणि टीकोझीचे कामही उरत नाही. अशा वेळी मोठ्या मगातून सावकाश चहा पिणाऱ्याला कपकोझी उपयोगी पडते.

कपातला चहा मुख्यतः दोन वाटांनी निवतो : वरच्या उघड्या पृष्ठभागावरून वाफ होऊन आणि कपाच्या भिंतीतून. कोझी केवळ दुसरी वाट अडवते. तिच्या थरांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असल्याने भिंतीतून होणारा ऱ्हास मंदावतो. वाफेची वाट मात्र मोकळीच राहते आणि गरम चहाच्या बाबतीत तिचा वाटा मोठा असतो. (बशीत ओतलेला चहा चटकन निवतो तो पृष्ठभाग पसरल्यामुळेच.) म्हणून कोझीसोबत कपावर झाकणी ठेवली तरच खरा फरक जाणवतो. हाताला चटका न बसणे हा तिचा दुसरा फायदा, आणि कान नसलेल्या पेल्याच्या बाबतीत तोच पहिला म्हणावा लागेल.

कोझीचा सर्वांत सोपा प्रकार एकाच कापडाची घडी घालून शिवतात. सुमारे २६ सेंमी. घेराच्या, सरळ भिंतीच्या मगासाठी २६ × १४ सेंमी. मापाचा सुती तुकडा पुरतो. यात चारही बाजूंना १ सेंमी. माया (शिवणीसाठी सोडलेले जादा कापड) धरलेली आहे. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून ते आधी धुऊन, इस्त्री करून मगच कापावे. सुलटी बाजू आत ठेवून लांबीच्या दिशेने घडी घातली की २६ × ७ सेंमी. पट्टी होते. तिच्यावर त्याच मापाचा पातळ थर ठेवून, एका आखूड बाजूच्या मध्यावर इलॅस्टिकचा फास दोन पदरांच्या आत तोंड करून अडकवून, तीन उघड्या बाजूंना टीप मारतात; लांब बाजूला सुमारे ५ सेंमी. जागा उलटवण्यासाठी सोडतात. टिपेबाहेरचा थर छाटून टाकावा आणि कोपरे तिरके कापावेत, नाहीतर उलटल्यावर कोपऱ्यांत गोळा जमतो. उलटून काडीने कोपरे बाहेर काढले की २४ × ६ सेंमी. पट्टी तयार होते. उघडी जागा आत दुमडून कडेने सर्वत्र एक टीप घातली की ती बंद होते आणि थरही जागचा हलत नाही. फासासमोरच्या टोकाला बटण लावतात. उरलेले २ सेंमी. अंतर कपाच्या कानातून जाणारा फास सांधतो.

घडीची बाजू नेहमी वर, ओठांकडे ठेवावी. तिथे शिवण नसल्याने कड मऊ राहते. शिवणीची बाजू खाली गेली तर नजरेसही पडत नाही. थर जाड घेण्याचा मोह टाळावा, कारण गोलाकार वळवताना आतल्या पदराला चुण्या पडतात आणि पट्टी तोकडी पडते. जाडच हवा असेल तर लांबी अर्धा-एक सेंमी. वाढवावी. फार दाट टिपांनी थर चेपला जातो व हवा निघून जाते. तळाशी निमुळत्या कपाला सरळ पट्टी बसत नाही. त्याभोवती कागद गुंडाळून कमानीसारखा साचा काढावा लागतो आणि मग घडीऐवजी दोन सुटे तुकडे घ्यावे लागतात.

जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने जोडून केलेल्या गोधडीची ऊबही अशीच थरांमधल्या हवेतून येते. विरलेल्या गोधडीचा शाबूत तुकडा कोझीच्या आतल्या थरासाठी उत्तम. तो आधीच शिवलेला असल्याने धुतल्यावर गोळा होत नाही. चकाकता धातूचा पापुद्रा असलेला थर किंवा धातूचे बटण वापरले असल्यास कोझी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.