झऱ्याकाठचा पक्षी समुद्रावर कसा टिकला?

जगात पक्ष्यांच्या साधारण अकरा हजार जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकाच गणात मोडतात. चिमणी, कावळा, बुलबुल, दयाळ, साळुंकी, सुगरण ही सगळी त्याच गोतावळ्यातली. शास्त्रज्ञ त्यांना पॅसेरीन म्हणतात, आपण ढोबळमानाने गाणारे पक्षी म्हणू. वाळवंट, माळरान, घनदाट जंगल, हिमरेषेजवळचे डोंगर, माणसांची घरं, या पक्ष्यांनी काही म्हणता काही सोडलं नाही. समुद्र मात्र त्यांना कधी मानवला नाही. किनाऱ्यावर कावळे येतात, मासळीचं उरलंसुरलं उचलून परत जातात. पण जन्मापासून मरेपर्यंत खडकाळ किनाऱ्यावरच राहायचं आणि समुद्रातल्या जिवांवरच पोट भरायचं, हे पॅसेरीनांपैकी अगदी मोजक्यांना साधलं आहे. त्यांत सगळ्यांत पुढे गेलेल्या दोन जाती पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहेत. दोन्ही सिंक्लोडीस नावाच्या गटातल्या.

त्यांतला चिलीच्या किनाऱ्यावरचा सिंक्लोडीस दिसायला अगदी साधा. साळुंकीपेक्षा किंचित लहान, धुरकट तपकिरी, गळा पांढुरका, छातीवर फिकट रेघोट्या. उडाला की पंखावरचा एक फिकट पट्टा दिसतो, एरवी तोही झाकलेलाच. काळ्या ओल्या खडकावर तो बसला असेल तर हालचाल होईपर्यंत लक्षात येत नाही. लाट मागे सरली की हा तिच्यामागे खाली धावतो, खडकाच्या भेगेत चोच खुपसतो, शेवाळ बाजूला करतो, एखादा बोटाच्या पेराएवढा खेकडा, शिंपला किंवा किडा ओढून काढतो. पुढची लाट अंगावर येईपर्यंत तो तिथेच असतो, अगदी शेवटच्या क्षणी हातभर वर उडी मारतो आणि पाणी ओसरताच पुन्हा खाली. ओहोटीच्या वेळी हे काम तासन्‌तास चालतं.

याच्या भाऊबंदांचं मूळ घर मात्र समुद्र नाही. सिंक्लोडीसच्या पंधराएक जाती आहेत आणि बहुतेकांचं आयुष्य दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखात जातं. एक्वादोरपासून खंडाच्या दक्षिण टोकाच्या तिएरा देल फ्वेगोपर्यंत, अँडीजच्या कुठल्याही गार, उथळ झऱ्यापाशी त्यांच्यातला कोणीतरी भेटतो. दगडांवरून तुरुतुरु चालणं, शेपटी उभारणं, पाण्याच्या कडेचे किडे आणि अळ्या टिपणं, सगळं जमिनीवर. झाडाशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. घरटंसुद्धा जमिनीतच: मातीच्या उभ्या काठात बीळ किंवा खडकातली कपार, आत गवत, केस आणि पिसांची गादी. गाताना नर एखाद्या उंच दगडावर चढतो, दोन्ही पंख उभारून फडफडवतो आणि मोठ्याने थरथरती तान घेतो. तेवढ्या वेळापुरता पंखावरचा पट्टा लांबूनही दिसतो.

हिमाचल-उत्तराखंडात ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी तिथल्या ओढ्यांत डिपर पाहिला असेल. तो पाण्यात सूर मारतो, पंखांनी वल्हवत तळाशी जाऊन अळ्या वेचतो. सिंक्लोडीस आणि डिपर दोघेही तपकिरी, गुबगुबीत आणि झऱ्याच्या दगडांवर राहणारे, पण त्यांचं नातं फार लांबचं आहे आणि सिंक्लोडीस बुडी मारत नाही. त्याचं सगळं कसब काठावरचं आहे, जिथे ओलं आणि कोरडं एकमेकांना भिडतं तेवढ्याच पट्ट्यात. माझ्या मते या पक्ष्याची सगळी कहाणी इथेच आहे. झऱ्याचा काठ आणि समुद्राचा काठ यांत चोचीला, पायांना, डोळ्यांना करावं लागणारं काम जवळजवळ सारखंच. दगड, भेगा, शेवाळ, मागे-पुढे सरकणारं पाणी आणि त्यात लपलेले लहान जीव. बदलतं ते फक्त पाणी. गोड्याचं खारं होतं. आणि तिथून खरी अडचण सुरू होते.

तिच्याकडे वळण्याआधी कुळाबद्दल थोडं. अर्जेंटिनाचा राष्ट्रीय पक्षी ओर्नेरो मातीचं घुमटाकार घरटं बांधतो. सिंक्लोडीस त्याच कुळातला. हे कुळ पॅसेरीनांच्या ज्या शाखेत येतं, तिच्यातल्या बहुतेक पक्ष्यांना गाणं शिकावं लागत नाही, ते उपजतच येतं. दयाळ किंवा बुलबुलाच्या शाखेतली पिल्लं मोठ्यांचं ऐकून ऐकून घोटवतात, तसं इथे नसतं. ही शाखा मुख्यतः अमेरिका खंडांतली, पण तिचे थोडे वंशज आपल्याकडेही आहेत. पावसाच्या तोंडावर महाराष्ट्राच्या रानांत येणारा नवरंग त्यांपैकीच एक. चिलीच्या खडकावरचा तो धुरकट पक्षी आपल्या दयाळाला जितका जवळचा आहे, त्यापेक्षा नवरंगाला जास्त जवळचा आहे.

आता मिठाकडे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पक्ष्याच्या रक्तातल्या क्षारांची तीव्रता याच्या जेमतेम एक तृतीयांश. जास्तीचं मीठ शरीरात गेलं तर ते बाहेर टाकायला पाणी खर्ची पडतं आणि पाणी भरून काढायला पुन्हा खारटच काही प्यावं लागलं तर तोटा वाढतच जातो. कुरव, पाणकावळे, पेंग्विन, अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यांनी यावर वेगळीच सोय केलेली आहे. त्यांच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथी असतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवून दिलं, की या ग्रंथी रक्तातलं मीठ वेगळं काढून समुद्राच्या पाण्याहूनही खारट द्रव बाहेर टाकतात. तो नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येऊन ठिबकतो.

पॅसेरीनांकडे अशी काम करणारी क्षारग्रंथी नाही. सिंक्लोडीसकडेही नाही. त्यात त्याचं खाणं सगळ्यांत अवघड जातीचं. समुद्रातले हाडांचे मासे आपल्या शरीरातलं मीठ पाण्यापेक्षा बरंच कमी राखतात, त्यामुळे निव्वळ मासे खाणाऱ्या पक्ष्यावर मिठाचा बोजा बेताचा येतो. खेकडे, शिंपले, समुद्री किडे यांचं तसं नाही. त्यांच्या अंगातला रस जवळपास समुद्राइतकाच तीव्र असतो. म्हणजे खेकडा खाणं हे घासाबरोबर समुद्राचं पाणी पिण्यासारखंच. उत्तर चिलीत तर वर पाऊसही नाही. अटाकामा वाळवंट थेट समुद्राला येऊन भिडतं आणि आरिका शहरात वर्षाचा सरासरी पाऊस एक मिलिमीटरही भरत नाही. पाठीशी वैराण वाळवंट आणि समोर हम्बोल्ट प्रवाहाच्या गार पाण्यामुळे जगातला एक अतिशय समृद्ध समुद्र. अन्न आहे ते सगळं भरती-ओहोटीच्या रेषेवर. पक्षी तिथे का उतरला हे सहज कळतं. तो टिकला कसा, हे शोधायला शास्त्रज्ञांना बरंच खोल जावं लागलं.

चिली विद्यापीठातले पाब्लो साबात आणि वायोमिंग विद्यापीठातले कार्लोस मार्तिनेस देल रिओ यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. उत्तर होतं मूत्रपिंडात. पक्ष्यांच्या मूत्रपिंडात गाळणीचं काम करणारे नेफ्रॉन दोन प्रकारचे असतात. बरेचसे साधे, सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे. ते मूत्र घट्ट करू शकत नाहीत. थोडे सस्तन प्राण्यांसारखे, ज्यांच्या नळीला लांब वळसा असतो. हे वळसे जुडग्याने मूत्रपिंडाच्या गाभ्यात उतरतात आणि तिथे पाणी परत शोषून घेऊन मूत्रातल्या क्षारांची तीव्रता वाढवता येते. सर्वसाधारण पॅसेरीन पक्षी मूत्राची तीव्रता रक्ताच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत नेतो, पुढे त्याची मजल जात नाही. सिंक्लोडीसच्या जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दिसलं, की जी जात समुद्री खाणं जितकं जास्त खाते, तितकं तिचं मूत्रपिंड मोठं, त्यात गाभ्याचा वाटा जास्त आणि मूत्र जास्त तीव्र. नवा अवयव कुठलाच नाही. झऱ्यावरच्या भावंडांकडे जे आहे तेच, फक्त वाढवलेलं. मला या संशोधनातला हा भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला काहीतरी नवंकोरं हवं असतं आणि इथे एका तपकिरी पाखराने जुन्याच सामानावर समुद्र गाठला आहे.

पक्षी असण्याचा फायदाही इथे कामाला येतो. प्रथिनं पचवल्यावर उरणारं नत्र सस्तन प्राणी युरिया करून बाहेर टाकतात आणि त्यासाठी पाणी लागतं. पक्षी ते युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. शिटेतला पांढरा भाग तो हाच. त्याला पाणी फार थोडं लागतं.

पण हे पक्षी नक्की काय खातात हे कळलं कसं? नुसत्या दुर्बिणीतून त्याचा अंदाज येतो, हिशेब लागत नाही. त्यासाठी समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे प्रकार, वापरली. कार्बनचा एक जड प्रकार आहे, कार्बन-१३. समुद्री अन्नसाखळीत तो गोड्या पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या अन्नापेक्षा सहसा जास्त सापडतो आणि खाणाऱ्याच्या शरीरात उतरतो. पीस म्हणजे ते उगवलं त्या काळातल्या जेवणाची नोंद, रक्त आणि यकृत म्हणजे अलीकडच्या जेवणाची. या मोजणीतून चिलीच्या किनाऱ्यावरचा सिंक्लोडीस बाराही महिने समुद्रावरच जगतो हे पक्कं झालं. त्याचा एक नातेवाईक, करड्या कुशीचा सिंक्लोडीस, उन्हाळ्यात अँडीजच्या झऱ्यांवर वीण करतो आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरतो. मध्य चिलीत हे अंतर शंभर-दीडशे किलोमीटरचंच. त्याच्या शरीरातला कार्बन ऋतूप्रमाणे बदलतो आणि मीठ बाहेर टाकण्याची तयारीही. एकच पक्षी वर्षातून दोनदा गोड्यातून खाऱ्यात आणि खाऱ्यातून गोड्यात जातो. झऱ्यावरून समुद्रावरचा तो प्राचीन प्रवास कसा घडला असेल, याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

हा पक्षी चार्ल्स डार्विनच्याही नजरेतून सुटला नव्हता. १८३४-३५ मध्ये चिलीच्या दक्षिणेकडच्या चोनोस बेटांत त्याने एक गडद रंगाचा, माणसाला न घाबरणारा सिंक्लोडीस पाहिला आणि नोंद केली, की हा तुतवारासारखा, म्हणजे पाण्याच्या कडेने धावत किडे टिपणाऱ्या पक्ष्यासारखा, समुद्रकिनाऱ्यावरच राहतो. एका वाक्यात अख्खा मुद्दा आला.

न घाबरण्याचा हा गुण फॉकलंड बेटांवरच्या जातीत तर कमालीचा. तिथे त्याला टसॅकबर्ड म्हणतात, कारण तो टसॅक नावाच्या पुरुषभर उंच गवतात राहतो. अंगभर काळपट तपकिरी, कुठे पट्टा नाही की ठिपका नाही. किनाऱ्यावर साचलेल्या समुद्री शेवाळात माश्या आणि कोळंबीसारखे बारीक जीव शोधतो, झोपलेल्या समुद्रसिंहांच्या आणि एलिफंट सीलच्या आजूबाजूला फिरतो, पेंग्विनांच्या वसाहतीत फुटक्या अंड्यांवर ताव मारतो. माणूस शांत बसला तर बुटावर येऊन उभा राहतो. शिकारी सस्तन प्राण्यांशी त्याचा फारसा संबंधच आला नव्हता, त्यामुळे भीती शिकायचं कारण नव्हतं. मग जहाजांबरोबर उंदीर आणि मांजरं आली. जमिनीतल्या बिळात घरटं करणाऱ्या पक्ष्याला उंदरापासून वाचण्याचा मार्गच नसतो. आज टसॅकबर्ड उरला आहे तो मुख्यतः उंदीर न पोचलेल्या बेटांवर. शिवाय मेंढ्यांनी आणि गुरांनी टसॅक गवत मोठ्या प्रमाणावर फस्त केलं, ते वेगळंच.

ब्राझीलमध्ये अँडीजपासून फार दूर, थंड पठारी भागांत या गटाचे काही पक्षी आहेत. त्यांतला मिनास जेराइस राज्यातल्या डोंगरमाथ्यांवरचा सिंक्लोडीस २०१२ साली वेगळी जात म्हणून वर्णिला गेला. तो स्वतंत्र जात की उपजात, यावर अजून एकमत नाही. पण त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक हजारभर किलोमीटर दक्षिणेला राहतो, एवढं नक्की. मधला मुलूख त्यांच्यासाठी फार उष्ण आहे. हवामान गार होतं तेव्हा हे गवताळ माथे एकमेकांच्या जवळ आले असावेत आणि नंतर पुन्हा तुटले, असं अभ्यासक मानतात.

सगळ्यांत वाईट स्थिती मात्र उंचावरच्या दोन जातींची आहे. पांढऱ्या पोटाचा सिंक्लोडीस मध्य पेरूत ४४०० मीटरच्या वर, हिमनद्यांच्या पाण्यावर पोसलेल्या दलदलीत राहतो. तिथली गादीसारखी दाट वनस्पती हजारो वर्षं साठत गेल्याने खाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर तयार झालेला असतो. बागा आणि रोपवाटिकांसाठी हा थर कापून विकला जातो. तो गेला की दलदल कोरडी पडते आणि पक्ष्याला चोच खुपसायला जागा राहत नाही. दुसरी जात रॉयल सिंक्लोडीस, पेरू आणि बोलिव्हियातल्या पॉलिलेपिसच्या बनांतली. पॉलिलेपिस हे कागदासारखी लाल साल सुटत राहणारं, वाकडंतिकडं वाढणारं झाड. इतक्या उंचीवर दुसरं झाड जवळपास येतच नाही, त्यामुळे सरपणाचा सगळा भार त्याच्यावरच. या बनांत जमिनीवर आणि खोडांवर शेवाळाचे जाड थर असतात. रॉयल सिंक्लोडीस ते उचकटून खालचे किडे काढतो. त्याचे प्रौढ पक्षी अडीचशेपेक्षाही कमी उरले असावेत.

पेरूतल्या इकोआन या संस्थेने स्थानिक केचुआ गावांच्या साथीने ही बनं पुन्हा उभी करण्याचं काम चालवलं आहे. तिचे प्रमुख कोन्स्तान्तिनो औक्का चुतास यांना त्यासाठी २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण सन्मान मिळाला. गावंच्या गावं पाठीवर रोपं घेऊन डोंगर चढतात. पण थंडीमुळे झाड अतिशय सावकाश वाढतं आणि या पक्ष्याला हवं असलेलं जाड, ओलं शेवाळ जुन्या बनातच मिळतं. म्हणून उरलेल्या जुन्या बनांतून गुरं बाहेर ठेवणं आणि गावांना सरपणाची दुसरी सोय करून देणं हे लागवडीइतकंच निकडीचं आहे.